कार्डावरची तारीख

पहाटे ५.१५
मे महिन्यात जळगावला विमान शिकवायचं तर उन्हाच्या आधी उठावं लागतं. कुसुंब्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साडेआठशे फुटांच्या आसपास. पण पारा ४२ वर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमान चार हजार फुटांहून उंच धावपट्टीवर असल्यासारखं वागतं. धाव लांबते, चढ मंदावतो. म्हणून कठीण धडे सकाळीच.

चहाआधी मी कार्डांचा खोका उघडते. प्रत्येक विमानाचं आणीबाणीचं कार्ड, त्यावरचा सुधारणा क्रमांक आणि तारीख नोंदवहीशी ताडून बघायची. विमानाचा प्रकार जुळला एवढ्यावर भागत नाही, शेपटीवरची नोंदणीही जुळायला हवी. आमच्याकडे सेसना १७२ दोन तऱ्हेच्या आहेत. जुनीला कार्ब्युरेटर आहे. इंजिन बंद पडलं तर तिच्या कार्डावर ‘कार्ब हीट चालू’ येतं. नव्या ‘एस’ला कार्ब्युरेटरच नाही, तिथे इंधनाचा जादा पंप लावायचा. कार्डांची अदलाबदल झाली, तर पोरगं ऐन वेळी नसलेला दांडा शोधत बसेल.

६.४०
तापीच्या अलीकडे, तीन हजार फुटांवर, मी न सांगता थ्रॉटल मागे ओढते.
“इंजिन गेलं. बोल.”
विद्यार्थी नाक सावरतो, वेग ६८ नॉटवर आणतो. इथपर्यंत सगळं तोंडपाठ हवं, कागद नंतर. मग जागा. यावलच्या बाजूचे केळीचे मळे वरून मऊ दिसतात, पण त्या दाट खोडांत विमान घालायचं नसतं. कपाशीसाठी नांगरून ठेवलेलं काळं रान बरं, तेही तासांच्या दिशेनं. आडवं उतरलं तर पुढचं चाक रुतून विमान उलटायची भीती. भुसावळच्या अंगाला दीपनगरच्या वीजकेंद्राच्या तारा आहेत. तारा दिसत नाहीत, म्हणून मनोरे शोधायचे.

जागा ठरल्यावर तो कार्ड हातात घेतो आणि वाचण्यात गुंगतो. वेग साठावर येतो.
“वेग बघ. कार्ड पळून जात नाही.”
पाचशे फुटांवर मी थ्रॉटल पुढे करते.

८.३०
धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीपर्यंत एकटा जाऊन परतणारा विद्यार्थी पारोळा, एरंडोल करत येतोय, पण रेडिओवर गप्प आहे. टॉवरमध्ये रडारचा पडदा नाही, नजर आणि दुर्बीणच. पोरानं ट्रान्सपॉन्डरवर ७६००, म्हणजे रेडिओ बिघडल्याचा संकेत, लावला होता, हे नंतर कळलं. तो नेमून दिल्याप्रमाणे घिरट्यांत शिरतो, टॉवरकडून स्थिर हिरवा दिवा मिळतो, पंख हलवून उत्तर देतो आणि नीट उतरतो.

बिघाड सापडायला अर्धं मिनिट लागतं: हेडसेटची पिन अर्धी बाहेर. कार्डावरची पहिलीच ओळ तीच आहे. त्याला दुसरीपासून पाठ होतं.
“इतकी साधी ओळ कोण लिहितं, वाटलं मॅडम.”
ज्याच्यावर वेळ आली, तो लिहितो.

११.३०
उन्हानं हवा उसळायला लागली, उड्डाणं बंद. वर्गात दोन प्रकरणं.

पहिलं आपल्या मुंबईचं. १ जानेवारी १९७८, एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ दुबईला निघालं. रात्र, खाली समुद्र, क्षितिज नाही. कप्तानासमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं आणि विमान उजवीकडेच कललंय असं दाखवत राहिलं. कप्तान डावीकडे वळवत गेले. सहवैमानिकासमोरचं उपकरण ठीक होतं. वांद्र्यासमोर समुद्रात २१३ जण गेले. म्हणून बिघाडाची पहिली पायरी: शेजारच्या उपकरणाला विचारा.

दुसरं स्विसएअर १११, २ सप्टेंबर १९९८. कॉकपिटमध्ये वास आल्यापासून विमान समुद्रात कोसळेपर्यंत साधारण वीस मिनिटं. धुराची चेकलिस्ट पूर्ण करायलाच वीस ते तीस मिनिटं लागत. त्यानंतर अशा याद्यांमध्ये ‘लवकरात लवकर उतरा’ हा विचार वर आला. ती यादी पाळली असती तरी वेळ पुरला नसता. यादीच बदलायला हवी होती.

दुपारी २.१०
जुन्या विद्यार्थिनीचा मुंबईहून फोन. ती आता एअरलाइनमध्ये आहे. तिथे एक जण विमान सांभाळतो, दुसरा क्विक रेफरन्स हँडबुक मोठ्यानं वाचतो. पुस्तिका टॅबलेटवर असली, तरी निघण्याआधी आवृत्ती ताजी आहे का हे बघणं सुटलेलं नाही.
“म्हणजे मॅडम, तुमचा खोका अजून आहेच.”

४.००
वसतिगृहाची झडती म्हणा हवं तर. सीनियरनं ज्युनियरला दिलेल्या चेकलिस्टच्या झेरॉक्स गोळा करते. प्रेमानं दिलेल्या, प्लास्टिकमध्ये घातलेल्या; कितीतरी जुन्या आवृत्तीच्या. फाडताना पोरांचे चेहरे पडतात. समजूत काढते, पण ठेवू देत नाही.

५.४५
सकाळी पिन विसरलेला विद्यार्थी दारात.
“मॅडम, ज्या विमानात नवा रेडिओ बसवलाय, त्याच्या वीज-बिघाडाच्या कार्डावर जुन्याच बटणाचं नाव आहे.”
आम्ही दोघं कार्ड घेऊन हँगरमध्ये जातो. खरंच आहे. पहाटे माझी तारीख जुळली होती, कारण नोंदवहीतच जुना क्रमांक होता. रेडिओ बदलला, त्याचं पुरवणी पान हस्तपुस्तिकेत लागलं, कार्डापर्यंत पोचलंच नाही. वीज गेल्यावर कोणती उपकरणं बंद करून बॅटरी वाचवायची, हेच त्या कार्डावर असतं.

कार्ड मी मनानं खोडून दुरुस्त करू शकत नाही. मूळ हस्तपुस्तिका आणि पुरवणीवरून मसुदा करायचा, मुख्य प्रशिक्षकांची मंजुरी घ्यायची, नवा क्रमांक टाकायचा, जुनी प्रत नष्ट करायची. तोवर ते विमान उद्याच्या यादीतून बाहेर.

मसुदा मी त्यालाच लिहायला बसवते. तारीख जुळवण्याचं काम माझं. पण कार्ड आणि कॉकपिट जुळतात का, हे तिथे बसून एकेका बटणावर बोट ठेवणाऱ्यालाच कळतं. उद्यापासून पहाटेची तपासणी खोक्याजवळ नाही, विमानात बसून होईल.