‘मॅश’चा राहून गेलेला निरोप

२८ फेब्रुवारी १९८३ची रात्र. अमेरिकेत त्या वेळी चालू असलेल्या दर १०० टीव्ही संचांपैकी ७७ संचांवर एकच कार्यक्रम लागला होता : सीबीएस वाहिनीवरचा ‘मॅश’ मालिकेचा अडीच तासांचा शेवटचा भाग. सुमारे साडेदहा कोटी माणसं तो बघत होती. कोरियाचं युद्ध तीन वर्षांत थांबलं. त्या युद्धातल्या एका फिरत्या लष्करी इस्पितळाची ही गोष्ट मात्र १९७२पासून ११ वर्षं चालली. सुरुवातीला शाळेत असलेली मुलं एव्हाना कामाधंद्याला लागली होती.

आकडे थक्क करणारे आहेतच. पण हा निरोप चाहत्यांच्या मनात घर करून राहिला तो वेगळ्याच कारणाने. या मालिकेत त्याआधी तीन लाडकी माणसं निघून गेली होती, आणि तिन्ही वेळा निरोप मनासारखा झाला नव्हता.

पहिला हेन्री ब्लेक, इस्पितळाचा प्रमुख. मार्च १९७५मधल्या भागात तो घरी जायला निघतो, सगळे हसत-रडत त्याला हेलिकॉप्टरपर्यंत सोडतात. प्रेक्षकांना वाटलं, झालं. तेवढ्यात शस्त्रक्रिया चालू असताना इस्पितळाचा कारकून रडार आत येतो आणि हातातला कागद वाचतो : हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणीही वाचलेलं नाही. पटकथेचं हे शेवटचं पान चित्रीकरणाची वेळ येईपर्यंत बहुतेक कलाकारांपासूनही लपवून ठेवलेलं होतं. संतापलेल्या प्रेक्षकांच्या पत्रांचा पाऊस पडला. विनोदी मालिकेत असं करतात का, हा त्यांचा सवाल. पण युद्धात माणसं अशीच जातात, आणि ते दाखवण्याचं धाडस ‘मॅश’ने केलं, हे तिचं मोठेपण आहे.

त्याच वर्षी सर्जन ट्रॅपर गेला. अभिनेत्याने मालिका सोडली होती, त्यामुळे त्याची बदली पडद्याआडच झाली. त्याचा जिवलग मित्र, मालिकेचा नायक हॉकाय सुट्टीवरून परततो, धावतपळत विमानतळ गाठतो आणि थोडक्यात चुकामूक होते. साधी चिठ्ठीसुद्धा नाही. पुढे १९७९मध्ये रडार निघाला, तेव्हा त्याच्यासाठी मेजवानी मांडली होती. नेमके जखमी आले. तो दारातून डोकावतो, हॉकाय तिथूनच त्याला सलाम ठोकतो, आणि सगळे पुन्हा कामाला लागतात. मागे राहतं ते रडारचं खेळण्यातलं अस्वल, हॉकायच्या खाटेवर ठेवलेलं.

शेवटच्या भागाने ही सगळी जुनी बाकी काढली. ॲलन आल्डा हॉकायची भूमिका करत होता, या भागाचं दिग्दर्शनही त्याचंच, आणि लेखकांमध्येही तो होता. ट्रॅपर चिठ्ठीही न ठेवता गेला, हे हॉकाय इथे बोलून दाखवतो; आठ वर्षं चाहत्यांच्या मनात असलेली तक्रारच ती. नवा मित्र बीजे निरोपाचं नाव काढू देत नाही. हॉकायचं हेलिकॉप्टर वर उठतं, तेव्हा खाली जमिनीवर दगड मांडून बीजेने लिहिलेला ‘गुडबाय’ दिसतो.

बाकीच्यांनाही हातचं न राखता वेळ दिलेला आहे. सैन्यातून सुटका व्हावी म्हणून वर्षानुवर्षं बायकी कपडे घालून हिंडलेला क्लिंगर प्रेमात पडून कोरियातच राहतो. सर्जन विंचेस्टरने चिनी कैद्यांना मोझार्टची रचना शिकवलेली असते. ते मारले जातात, आणि ज्या संगीतात तो आसरा शोधायचा, तेच त्याला नकोसं होतं. चित्रीकरणाच्या काळातच, ऑक्टोबर १९८२मध्ये, मालिबूच्या डोंगरातला सेट वणव्यात जळाला. लेखकांनी ती आगही कथेत घेतली.

निर्मात्यांना मात्र राहवलं नाही. १९८३मध्येच ‘आफ्टरमॅश’ ही नवी मालिका आली : ‘मॅश’मधलेच पॉटर, फादर मल्केही आणि आता परतलेला क्लिंगर, युद्धानंतर मायदेशातल्या इस्पितळात. दुसऱ्या पर्वातच ती गुंडाळावी लागली. चाहते आजही ओढीने जातात ते मालिबू क्रीक उद्यानात, त्या जुन्या सेटच्या जागी. तिथे पायवाटेने चालत जावं लागतं. गंजलेल्या जुन्या गाड्यांपाशी उभं राहून लोक फोटो काढतात.