बुद्धिबळाचे यंत्र आणि वाचविलेले श्रम

संगणक बुद्धिबळात माणसास हरवितो तो केवळ वेगाच्या जोरावर, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत आहे. १९९७ साली आयबीएमच्या ‘डीप ब्ल्यू’ यंत्राने जगज्जेत्या कास्पारोव्हचा पराभव केला, तेव्हा ती दृढच झाली. कारण ते यंत्र सेकंदास सुमारे २० कोटी स्थिती तपाशीत असे. पण साधा हिशेब करून पाहावा. प्रत्येक वेळी ३० खेळ्या शक्य धरल्या, तर दोघांच्या मिळून दहा खेळ्यांपुढचे सर्व काही पाहण्यास त्या यंत्रासही ३४ दिवस लागले असते. तेव्हा काय पाहावयाचे नाही, हे ठरविणे प्राप्त होते.

या युक्तीस ‘आल्फा-बीटा’ म्हणतात. आमच्या अंबरनाथ-बदलापूरची मंडळी कापडास उल्हासनगरला जातात, म्हणून तेथलाच दृष्टांत घेऊ. समजा, दुकानात अनेक गठ्ठे आहेत. गठ्ठा तुम्ही निवडावयाचा. पण त्यातील एकच तुकडा मिळणार, आणि तो दुकानदार काढून देणार, अर्थात सर्वांत हलका. (खरे दुकानदार इतके निर्दय नसतात.) पहिला गठ्ठा सगळा उलगडला, त्यातील हलक्यात हलका तुकडा ५० रुपयांचा निघाला. दुसऱ्यात पहिलाच तुकडा ३० रुपयांचा दिसला. आता तो गठ्ठा पुढे उलगडण्याचे कारण उरले नाही. आत रेशीम असले तरी ते तुमच्या हाती पडावयाचे नाही. येथे संस्कृतज्ञांस स्थालीपुलाकन्याय आठवेल, परंतु तो लागू नाही. शितावरून भाताची परीक्षा हे अनुमान होय व ते चुकू शकते. येथे न पाहिलेल्या भागाने उत्तरात तिळमात्र फरक पडत नाही.

मात्र चांगला गठ्ठा प्रथम हाती आला पाहिजे. कनुथ व मूर यांनी १९७५ साली मांडलेल्या गणिताप्रमाणे, क्रम सर्वोत्तम असल्यास वरील कामास ४,८५,९९,९९९ स्थिती पुरतात. म्हणजे ३४ दिवसांचे काम पाव सेकंदाचे होते! क्रम अगदी उलटा असल्यास काहीच वाचत नाही. म्हणून यंत्र आधी उथळ शोध करते व त्यात उत्तम ठरलेली खेळी खोल शोधात प्रथम घेते. मोहरे मारण्याच्या बहुतेक खेळ्या शांत खेळ्यांआधी पाहते. निराळ्या वाटेने तीच स्थिती पुन्हा आली, तर पूर्वीचे उत्तर स्मृतीतून काढते.

याहून धाडसी काटछाटही आहे. आपली पाळी सोडून प्रतिपक्षास लागोपाठ दोन खेळ्या दिल्या तरी आपली स्थिती उत्तमच राहत असेल, तर ती फांदी तेथेच तोडतात. येथे मात्र धोका आहे. डावाच्या अखेरीस कधी कधी खेळावे लागणे हीच आपत्ती असते, आणि पाळी सोडण्याची मुभा तर खेळात नाही. म्हणून राजे व प्यादीच उरली की ही युक्ती सामान्यतः बंद ठेवतात.