डफ, झील आणि मैदान : लाल बावटा कलापथकाची वाटचाल

बार्शीचा आवाज

धाराशिव जिल्ह्यातील भूम हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दक्षिणेकडची बार्शी मात्र ब्रिटिश अमलाखालील मुंबई इलाख्यात होती. भूमकरांना जवळची मोठी बाजारपेठ बार्शीचीच; मधली सीमा राज्यकर्त्यांची होती, बोली आणि गाणे दोन्हीकडे एकच. या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब पटेल यांचा जन्म झाला. आईच्या ओव्या हे त्यांचे पहिले संगीतशिक्षण. मोटारीवर क्लीनर, मग कापडगिरणीत कामगार, गिरणीच्या संपात तुरुंगवास आणि तेथून कम्युनिस्ट चळवळ असा त्यांचा प्रवास झाला. पुढे कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत वावरताना त्यांना ‘अमर शेख’ हे नाव मिळाले.

कलापथकाची घडण

गाणी, पोवाडे आणि छोटी नाट्ये यांतून लोकप्रबोधन करणारा फिरता संच म्हणजे कलापथक. १९४३ मध्ये मुंबईत भारतीय जननाट्य संघ, म्हणजे ‘इप्टा’, स्थापन झाला. त्याच वातावरणात १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. लेखणीचे मुख्य बळ अण्णाभाऊंचे, पल्लेदार आवाज अमर शेखांचा. गव्हाणकर स्वतः शाहीर होते. स्टालिनग्राडची लढाई आणि बंगालचा दुष्काळ यांवर अण्णाभाऊंनी पोवाडे रचले. व्होल्गाकाठचे युद्ध मुंबईच्या गिरणगावातल्या कामगाराला डफाच्या तालावर समजले, ही त्या काळातील वृत्तपत्रांनाही सहज न जमणारी गोष्ट होती.

झील म्हणजे काय

पाश्चात्त्य हार्मनीत अनेक गळे एकाच वेळी वेगवेगळे स्वर लावतात आणि त्यांच्या मेळातून स्वरसंघात तयार होतो. मराठी शाहिरीची रचना निराळी आहे. मुख्य शाहीर कथन पुढे नेतो आणि मागचे झीलकरी ओळीचा शेवट उचलून उंच पट्टीत धरतात. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि झांज यांचा ठेका खाली चालू असतो. झिलीमुळे तीन कामे साधतात : शाहिराला श्वास घेण्यास उसंत मिळते, महत्त्वाचा शब्द ठसतो आणि ध्वनिक्षेपक नसला तरी आवाज मैदानाच्या कडेपर्यंत पोचतो. श्रोतेही झील धरू शकतात. कलापथकाची खरी ताकद येथे होती, कारण गाणारे आणि ऐकणारे यांच्यातली रेषा पुसट होत असे.

तमाशाचे लोकनाट्य

पारंपरिक तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. अण्णाभाऊंनी गणातल्या गणेशवंदनेच्या जागी मातृभूमीचे वंदन आणले, गौळण वगळली आणि वगात, म्हणजे मुख्य नाट्यभागात, सावकार, कारखानदार व पुढारी उभे केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ आणि ‘शेटजींचे इलेक्शन’ ही त्याची उदाहरणे. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, मुंबई सरकारने या प्रयोगांवर बंदी आणली. तेव्हा तमाशाऐवजी ‘लोकनाट्य’ हे नाव पुढे आले. अडचणीतून निघालेला हा शब्द पुढे मराठी रंगभूमीने कायमचा स्वीकारला.

तबकडी आणि मैदान

याच काळात अमेरिकेत ‘द वीव्हर्स’ हा चौघांचा गायकवृंद गाजत होता. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पीट सीगर, ली हेज, रॉनी गिल्बर्ट आणि फ्रेड हेलरमन यांनी तो स्थापन केला. लोकगीतांना हार्मनीची जोड हे त्यांचे वैशिष्ट्य. १९५० मध्ये त्यांचे ‘गुडनाइट आयरीन’ १३ आठवडे लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी होते. मग कम्युनिस्टविरोधी काळ्या यादीने रेडिओ, दूरचित्रवाणी आणि नाट्यगृहे बंद केली, आणि १९५२ मध्ये वृंद थांबला. डिसेंबर १९५५ मधील कार्नेगी हॉलच्या मैफलीने तो पुन्हा उभा राहिला.

दोन्ही वृंदांचा आशय जवळचा, दोघांवरचा रोषही सारखाच. वेगळे होते ते माध्यम. वीव्हर्सचे गाणे कंपनीच्या तबकडीवर आणि प्रक्षेपणावर अवलंबून होते. ती दारे मिटताच आवाज थांबला. कलापथकाला डफ आणि मोकळी जागा पुरत असे, म्हणून बंदी त्याला पुरती गप्प करू शकली नाही. मात्र याच कारणाने पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला त्याचे ध्वनिमुद्रण फार थोडे आले. प्रसंगावर बेतलेली अनेक कवने प्रसंगाबरोबर मागे पडली, ही दुसरी मर्यादा.

मैना आणि महाराष्ट्र

प्रसंग ओलांडून टिकलेली रचना म्हणजे ‘माझी मैना’ ही अण्णाभाऊंची छक्कड, म्हणजे लावणीच्या वळणाचे गाणे. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाला गावी राहिलेली पत्नी आठवते, आणि त्या विरहातून बेळगाव, कारवार, निपाणीच्या महाराष्ट्रापासूनच्या ताटातुटीचे दुःख उभे राहते. राजकीय मागणीला घरगुती वेदनेचे रूप देणारी इतकी नेमकी रचना मराठीत दुर्मीळ आहे. मराठी भाषकांचे एक राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या सभांत अमर शेखांचा आवाज आघाडीवर होता. भूमसह मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

उत्तरकाळ

पुढे अण्णाभाऊ आणि अमर शेख यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अण्णाभाऊ कथा-कादंबरीत रमले. ‘फकिरा’ १९५९ ची. अमर शेखांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे काव्यसंग्रह आले, आणि १९६२ च्या चीन युद्धात त्यांनी संरक्षण निधीसाठी कार्यक्रम केले. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत वारले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळच्या मोटार अपघातात अमर शेख यांचा मृत्यू झाला.