बाबासाहेबांचा मधुमेह आणि आमची बेफिकिरी

आमच्याकडे अ‍ॅट्रॉसिटीच्या एका खटल्यातील फिर्यादी बाई येतात. गाव नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातले. वय पन्नाशीपुढचे. एकाच प्लास्टिकच्या पिशवीत त्या कोर्टाचे कागद आणि रक्त तपासणीचे कागद घेऊन येतात. एकदा आम्ही दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तारीख जवळ आली की बाईंची साखर चढलेली! त्या म्हणाल्या, "भाऊ, मी चहातसुद्धा साखर घालीत नाही, मग ही वाढती कुठून?"

प्रश्न बिनतोड आहे. भीती, चिंता, अपमान यांनी शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. त्यामुळे यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि इन्शुलिनचे काम मंदावते. झोप उडाली की त्यात भरच पडते. शिवाय गोळी घेऊन वेळेवर जेवण मिळाले नाही तर साखर एकदम उतरून चक्कर येते, या धास्तीने बाई तारखेच्या दिवशी गोळीच घेत नाहीत. कोर्टाच्या आवारात सकाळपासून उपाशी बसायचे आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन घरी जायचे. साखर वाढणार नाही तर काय होईल?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तो आता बंगल्यातल्यांचा आजार राहिलेला नाही. पथ्य पाळा, फिरायला जा, टेन्शन घेऊ नका, असे डॉक्टर सांगतात. पण टेन्शन काय आम्ही हौसेने घेतो? २०१३ साली सोनई, २०१४ साली खर्डा, २०२३ साली हरेगाव! ज्या हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांनी वतनदारांच्या परिषदेत गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवला, तिथेच चोरीच्या संशयावरून पोरांना झाडाला उलटे टांगून मारले गेले. खर्ड्याच्या खटल्यात २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. अशा घरांतल्या आईबापांची साखर आणि रक्तदाब कोणी मोजला आहे काय?

स्वतः बाबासाहेब मधुमेही होते. घटनेचा मसुदा तयार होत असताना पायांच्या वेदनांनी त्यांना झोप लागत नव्हती. १९५१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून प्रकृतीची काळजी कळवली. उपचारांपूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. पण त्यांनी आजार लपवला नाही की औषध नाकारले नाही. आपण त्या दुखण्यातून उठलो ते माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याने, हे त्यांनी १९५६ साली कृतज्ञतेने लिहून ठेवले. आमचा कार्यकर्ता मात्र बाबासाहेबांचे जागरण तेवढे उचलतो आणि उपचार विसरतो. मग पायाची जखम चिघळते, डोळे जातात, किडनी जाते आणि आम्ही शोकसभा घेतो.

सल्लत्थ सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, तो कोणालाच चुकत नाही. दुसरा बाण त्या वेदनेवर मनाने केलेल्या आक्रोशाचा, तो साधनेने टाळता येतो. आनापानाने मन स्थिर होते, पण म्हणून गोळी सोडायची नाही. धम्म हा औषधाला पर्याय नाही. आणि अन्यायाचा बाण समोरून कोणी मारीत असेल तर नुसते डोळे मिटून बसणे हाही धम्म नव्हे.

तो बाण रोखायला कायदा आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनुसार दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली निघाला पाहिजे. कलम १५-अ नुसार पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च मिळाला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. हे हक्क मागावे लागतात, मागितल्याशिवाय ते कोणी घरी आणून देत नाही.

आणि आपण काय करायचे? रविवारी वंदनेनंतर विहारात साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय करावी. जयंतीच्या कार्यक्रमात बिनसाखरेचा चहाही ठेवावा. कार्यकर्त्याला "भाषण कधी?" विचारताना "गोळी घेतली का?" हेही विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावातल्या फिर्यादीला तारखेला एकटे पाठवू नये. सोबत दोघे जावेत, भाकरीचा डबा न्यावा.

गेल्या तारखेला बाईंबरोबर गावातल्या दोन मुली आल्या होत्या. बाई वेळेवर जेवल्या, गोळी घेतली. तारीख पुढची पडली, तरी त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. न्याय मिळेल तेव्हा मिळेल. तो पाहायला आपली माणसे जिवंत राहिली पाहिजेत!

जयभीम!