ट्रॉयच्या स्त्रिया : एक नाटक बसवताना

वसईचा किल्ला आपण पाहिलाच असेल. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. तो विजय आपण अभिमानाने सांगतो. पण आतल्या बायकामुलांचे पुढे काय झाले, हे कोण विचारतो? वसईत तरी तहाने त्यांना बाहेर पडायची मुभा मिळाली.

ट्रॉयच्या स्त्रियांना ती मिळाली नाही. युरिपिडीस या ग्रीक नाटककाराने त्यांची कथा इ. स. पूर्व ४१५ मध्ये अथेन्सला रंगभूमीवर आणली. थोडेच दिवस आधी अथेन्सने मेलॉस बेट जिंकून तिथले पुरुष मारले, बायकामुले गुलाम केली होती. जिंकणाऱ्यांनाच त्याने हरलेल्यांचा आक्रोश ऐकवला!

हे नाटक शाळेत, गावात सहज बसवता येईल. पडदे नकोत, मागे पडकी भिंत पुरे. लढाई नाहीच. म्हातारी राणी हेक्युबा मातीत पडलेली असते. कोणती स्त्री कोणाची दासी होणार, ते दूत येऊन सांगतो. स्त्रियांचा समूह भजनी मंडळासारखा एका सुरात बोलवा, तोही आपल्याच बोलीत : वाडवळी, सामवेदी, आगरी, जी गावची असेल ती.

राणीच्या नातवाला तटावरून फेकतात, ते मात्र प्रेक्षकांना दिसत नाही. बापाच्या ढालीवर त्याचे प्रेत येते. आजी त्याला सजवते, तेव्हा घाई करू नका.

आणि दूताला खलनायक करू नका बरे! तो हुकमाचा ताबेदार आहे. पोराचे प्रेत नदीत धुऊन आणणाराही तोच.