लांबपायी माशीची नोंद

श्रावणात उन्हाची तिरीप अळूच्या किंवा कर्दळीच्या पानावर पडली, की त्या पानावर कित्येकदा एक हिरवीगार, सोनेरी झाक मारणारी, जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांबीची माशी आपल्या काटकुळ्या पायांवर शरीर उंच तोलून उभी असलेली दिसते. क्षणभर ती थांबते, चार पावले झरझर धावते, उडते आणि पुन्हा त्याच पानाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसते. तिच्या रंगावरून पुष्कळांचा असा समज होतो, की उकिरड्यावर घोंगावणारी जी हिरवी माशी, तीच ही. परंतु त्या दोघींचे नाते फार दूरचे आहे. उकिरड्यावरची माशी जाडजूड, राठ केसांची व आखूड पायांची असते. पानावरची ही माशी अंगाने सडपातळ व उदराकडे निमुळती होत गेलेली असून आपल्या ताटातल्या अन्नाशी तिला काडीचेही कर्तव्य नसते. ती शिकारी आहे. मावा, फुलकिडे, लाल कोळी यांसारखे मऊ अंगाचे बारीक जीव ती आपल्या मांसल ओठांत सबंध कवटाळते, आतल्या कठीण दातेरी पट्ट्यांनी चिरते आणि त्यांचा रस शोषून घेऊन उरलेले कातडे टाकून देते. ज्या परसबागेत ती वावरते त्या बागेच्या मालकाने तिला हाकलण्याऐवजी तिचे उपकारच मानावेत, इतके हे तिचे काम मोलाचे आहे.

द्विपंखी गणातील डॉलिकोपोडिडी या कुलात तिची गणना होते. या कुलाच्या 7,000 हून अधिक जाती आजवर वर्णिल्या गेल्या असून त्यांतल्या बहुतेकांची लांबी 1 ते 9 मिलिमीटरांच्या दरम्यान असते. बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरात अडकून राहिलेल्या प्राचीन माश्यांमध्येही या कुलाचा भरणा मोठा आहे. ओढ्याकाठचा चिखल, खारफुटीची दलदल, झाडांची खोडे, समुद्रकिनाऱ्यावरचे खडक अशा नाना ठिकाणी हे कुल पसरलेले आहे. परंतु सर्वसाधारण मनुष्याच्या दृष्टीस वारंवार पडतात त्या पानांवर बसणाऱ्या, सायापोडिनी या उपकुलातल्या जाती, आणि आपल्या बागांतही त्यांतल्याच क्रिसोसोमा आदी प्रजाती आढळतात.

आता प्रश्न असा, की समोरची माशी नेमकी कोणत्या जातीची, हे ठरवावयाचे कसे? छायाचित्राने हे काम भागेल असे वाटते, आणि कुलापर्यंत, क्वचित प्रजातीपर्यंत, ते भागतेही. पुढे मात्र छायाचित्र फारसे बोलत नाही. शिवाय या माशीचे छायाचित्र घेणे हेच मुळात अवघड कर्म आहे. कॅमेऱ्याचा दिवा लखकन उजळला, की चित्रात पुष्कळदा ती जागेवरून उडालेलीच दिसते. आंद्रेई सोराकोव्ह या कीटकशास्त्रज्ञाने 2011 साली काँडिलोस्टायलस प्रजातीतील माशीच्या या दचकण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दिवा उजळणे आणि माशीने उड्डाणास आरंभ करणे यांमध्ये अवघ्या काही मिलिसेकंदांचेच अंतर असते, असे निदर्शनास आले.

म्हणून अभ्यासकास अखेर नमुना हाती घेऊन भिंगाचा आश्रय करावा लागतो. पहिली तपासणी पंखाची. मोठ्या अरीय शिरेपासून निघणारी शाखा या कुलात पंखाच्या अगदी बुडाशी फुटलेली असते, आणि इतर पुष्कळ माश्यांत पंखाच्या मध्यभागी जे दोन कोष्ठ एका आडव्या शिरेने विभागलेले असतात, ते येथे एकरूप झालेले असतात; या दोन गोष्टींची खातरजमा झाली, की कुल निश्चित झाले. पंखातील मध्यशिरा टोकाकडे दुभंगून तिची एक फांदी वर वळली असेल आणि दोन डोळ्यांमधला माथा खोलगट असेल, तर माशी सायापोडिनी उपकुलातली. पुढची तपासणी शृंगिकेची. शृंगिकेच्या तिसऱ्या खंडावर जो केसासारखा बारीक शूक असतो, तो क्रिसोसोमात त्या खंडाच्या अगदी टोकातून निघतो, काँडिलोस्टायलसमध्ये पाठीकडून निघतो. केसाच्या जाडीची ती गोष्ट, पण तिच्यावर प्रजातीचा निवाडा अवलंबून असतो.

येथवर नर काय आणि मादी काय, दोघांचेही नमुने चालतात. जातीचा निर्णय करण्याची वेळ आली, की मात्र नर हाती असल्यावाचून बहुधा निभाव लागत नाही. आणि याचे कारण मला या साऱ्या विषयातले सर्वांत मननीय अंग वाटते. या कुलातील नरांच्या अंगावर निसर्गाने जे अलंकार चढविले आहेत, ते जातीजातीत निराळे आहेत: कुठे पंखाच्या टोकाला पांढरा ठिपका, कुठे शृंगिकेच्या शुकाच्या अग्रावर चपटे पाते, कुठे पायाच्या एखाद्याच खंडावर दाट काळी झालर. युरोपातील डॉलिकोपस प्लुमिपेस या जातीच्या नराच्या मधल्या पायाचा एक खंड दोन्ही बाजूंनी केसांच्या रांगांनी पिसासारखा झालेला असतो. तिच्या मादीचा पाय साधा. इंग्लंडातील डबक्यांच्या काठी दिसणाऱ्या पोइसिलोबोथ्रस नोबिलिटॅटस या माशीच्या नराचे पंख काळसर असून त्यांची टोके शुभ्र असतात, आणि चिखलावर बसलेल्या मादीसमोर तो ते पंख पसरून हालवतो, ती वळेल तसतसे आपले स्थान बदलतो. या आराधनेत त्याची दृष्टी कशी काम करते, याचे बारकाईचे विवेचन मायकल लँड यांनी 1993 साली केले. वर्गीकरणकर्ता ज्या ठिपक्यावरून जात ओळखतो, तोच ठिपका तो नर मादीपुढे नाचवीत असतो. पुस्तकात लिहिलेले लक्षण आणि त्या जीवांच्या व्यवहारातली खूण यांची अशी गाठ पडलेली दिसली, म्हणजे वर्गीकरणाचे शास्त्र हे केवळ कपाटातले शास्त्र नव्हे, याची मनोमन खात्री पटते.

अलंकारही पुरेसे नसले, तर शेवटचा आधार नराच्या जननेंद्रियाचा. उदराच्या टोकाशी असलेला हा अवयव पोटाखाली पुढच्या बाजूला दुमडलेला असतो. तो वेगळा करून दाहक पोटॅशच्या द्रावणात ठेवला, की आतले मांस विरघळते व कठीण भागांची ठेवण उघडी पडते. मग तो ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सर्व बाजूंनी फिरवून पाहावयाचा आणि त्याचे रेखाचित्र काढावयाचे. हे काम अत्यंत चिकाटीचे असून एका चुकार हालचालीने नमुना बिघडू शकतो.

इतके करूनही ती माशी कोणत्याच ज्ञात वर्णनाशी जुळली नाही, तर नवी जात जाहीर करण्याचा प्रसंग येतो. त्यापूर्वी जुन्या ग्रंथांचा मुकाबला करावा लागतो, आणि आपल्या भागातल्या माश्यांच्या बाबतीत ते दप्तर बरेच विखुरलेले आहे: कील येथील वैद्यकाचे अध्यापक विडेमान यांनी 1828 आणि 1830 साली युरोपबाहेरील माश्यांवर प्रसिद्ध केलेले दोन खंड, थिओडोर बेकर यांचा भारत व ऑस्ट्रेलियाच्या टापूतील या कुलावरील 1922 चा प्रबंध, आणि सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममधील डॅनियल बिकेल यांचा 1994 चा विस्तृत ग्रंथ, ज्यात ऑस्ट्रेलियातील सायापोडिनींबरोबर आपल्या पौर्वात्य प्रदेशाचाही आढावा आहे. जुन्या वर्णनांत नावांचाही घोळ पुष्कळ. विडेमान यांच्या काळी या माश्या सायलोपस या प्रजातीत घातल्या जात. परंतु ते नाव एका मृदुकाय प्राण्याला 1795 सालीच देऊन झालेले होते, आणि दोन प्राणिप्रजातींना एक नाव चालत नसल्यामुळे माश्यांचे नाव रद्द ठरून त्याजागी झेलर यांनी 1842 साली दिलेले सायापस हे नाव कायम झाले.

नव्या जातीच्या वर्णनात डोक्यापासून उदराच्या टोकापर्यंत प्रत्येक भागाचा तपशील ठराविक क्रमाने येतो: चेहऱ्याची रुंदी, वक्षावरील राठ केसांची संख्या, पायांच्या प्रत्येक खंडाचे दुसऱ्याशी प्रमाण, शिरांची वळणे. त्यातही रंगाची नोंद मेल्या नमुन्यावर विसंबून करता येत नाही. अंगाची हिरवी झळाळी बाह्य कवचाच्या सूक्ष्म थरांतून प्रकाश परावर्तित झाल्यामुळे येते व ती टिकते. पण जिवंत माशीच्या डोळ्यांत लाल व हिरव्या रंगांच्या नेत्रिकांच्या ज्या एकाआड एक रांगा चमकतात, त्या नमुना वाळला की विझून जातात. ते रंग पाहावयाचे तर माशी जिवंत असतानाच पाहिले पाहिजेत.

वर्णन कितीही काटेकोर असले, तरी शब्दांना मर्यादा असते; म्हणून ज्या एका नमुन्यावरून जात स्थापन झाली, तो नमुना मूळ प्ररूप म्हणून एखाद्या सार्वजनिक संग्रहालयात जतन करण्याची पद्धत आहे, आणि 1999 नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या नावांसाठी लेखकाने असे प्ररूप स्पष्ट नमूद करणे आंतरराष्ट्रीय नियमावलीने बंधनकारक केले आहे. शेताच्या हद्दीचा वाद निघाला, म्हणजे गावातल्या आठवणी बाजूस सारून अव्वल दस्तऐवज मागविला जातो, तसेच येथेही घडते: शंभर वर्षांनी दोन अभ्यासकांत मतभेद झाला, तर टाचणीला लावलेली ती एक माशी पुन्हा भिंगाखाली येते आणि तिची साक्ष अंतिम मानली जाते. त्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर गावाचे नाव, तारीख आणि संकलकाचे नाव नसेल, तर उत्तम अवस्थेतल्या नमुन्याचेही मोल पुष्कळ कमी होते.

माद्यांचा आणि अळ्यांचा प्रश्न उरतो. अळ्या ओल्या मातीत, कुजलेल्या पालापाचोळ्यात किंवा झाडाच्या सालीखाली राहतात व बहुतेक शिकारीच असतात. मेडेटेरा प्रजातीच्या अळ्या सालीखालच्या भुंगेऱ्यांची पिल्ले खातात, तर थ्रिप्टिकस ही प्रजाती वेगळी, तिच्या अळ्या वनस्पतीच्या देठात बोगदे करतात. आपल्या नद्या व तलाव जिने बुजवून टाकले त्या जलपर्णीवर, तिच्या मूळ दक्षिण अमेरिकेत, अशा थ्रिप्टिकस जाती जगतात; त्यांचे वर्णन 2004 साली झाले आणि जलपर्णीला आवर घालण्यास त्यांचा उपयोग करता येईल काय, याचाही विचार झाला. परंतु अलंकारहीन मादी किंवा पांढुरकी अळी कोणत्या नराच्या जातीची, हे पूर्वी जोडी मीलनावस्थेत सापडली किंवा अळी पाळून वाढविली तरच कळे. 2003 साली पॉल हेबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या पेशीतील एका जनुकाचा सुमारे 650 घटकांचा तुकडा वाचून जाती ओळखण्याची रीत सुचविली, तेव्हापासून मादीच्या एका पायावरूनही तिची सांगड नराशी घालता येऊ लागली आहे. मात्र त्यासाठी ज्याच्याशी ताडून पाहावयाचे तो नर आधी कोणीतरी भिंगाखाली पाहून नीट वर्णिलेला असावा लागतो.