मुलाची ‘अपडेट’ आणि आईचा राग

मैत्रिणींनो, एप्रिल २०२५ मधली गोष्ट. आमच्या हिवरखेडला ऊन नुसतं मी म्हणत होतं. कुरडयांचा घाट घातलेला, गच्चीवर खाट न्यायला हात हवा, आणि आमचा मोठा सकाळपासून लॅपटॉपला चिकटलेला.

“काय करून राहिला रे एवढं?”

“आई, खेळून नाही राहिलो. अपडेट उतरून राहिली.”

माझं डोकंच तापलं. गेले आणि वायफायच्या डब्याचं बटणच बंद केलं! त्याने निमूटपणे खाट वर नेली, पण पुढे दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलला.

तुम्ही म्हणाल, बरोबरच केलंत. मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण तिसऱ्या दिवशी त्याच्याजवळ बसून ही ‘अपडेट’ म्हणजे काय भानगड आहे ते समजून घेतलं.

खेळाचं नाव ‘बाल्डर्स गेट ३’. जादू, राक्षस, तलवारी यांची कथा. आपण त्यातलं एक पात्र व्हायचं आणि आपण घेऊ त्या निर्णयाप्रमाणे कथा वळते. याचा दुसरा भाग २००० साली आला होता. तिसरा बेल्जियमच्या लारियन स्टुडिओजने ऑगस्ट २०२३ मध्ये आणला. खेळणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला, ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. पण तक्रारीही झाल्या. शेवट घाईत उरकला, इतके दिवस बरोबर लढलेल्या सोबत्यांचा धड निरोपही घेता येत नाही, असं लोक म्हणू लागले. कार्लाख नावाच्या सोबतिणीचा शेवट तर अनेकांच्या मनाला लागला.

आपल्याकडे सिनेमाचा शेवट पटला नाही तर हळहळत घरी यायचं, एवढंच. इथे मात्र त्याच महिन्याच्या अखेरीस कार्लाखसाठी नवा शेवट जोडला गेला. नोव्हेंबरअखेर पाचव्या मोठ्या सुधारणेत, सहा महिन्यांनी सगळे सोबती पुन्हा जमतात असा प्रसंग आला. एप्रिल २०२५ मध्ये आठवी सुधारणा आली. या सगळ्याला वेगळा पैसा पडला नाही. या सुधारणांनाच मुलं ‘अपडेट’ म्हणतात.

सगळीकडे असं गोड नसतं हो. जपानच्या कॅपकॉमने मार्च २०२४ मध्ये ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ आणला. पहिल्याच दिवशी लोक चिडले, कारण खेळाची किंमत मोजल्यावरही आतल्या काही वस्तू वेगळ्या पैशांनी विकायला ठेवल्या होत्या. शिवाय खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची सोयच नव्हती! कंपनीने गैरसोयीबद्दल माफी मागितली आणि महिनाअखेरीस ती सोय दिली.

आता माझ्या बटणाची गोष्ट. ‘बाल्डर्स गेट’ चौघांना मिळून खेळता येतो. मुलाचे इंजिनिअरिंगचे तीन मित्र नोकरीला लागून पुणे, नागपूर, हैदराबादला पांगलेले. हा एकटाच घरी, मुलाखतीच्या बोलावण्याची वाट पाहत. दर रविवारी रात्री चौघं त्या खेळात भेटायचे. त्यासाठी चौघांकडे सारखीच सुधारणा असावी लागते. त्या रविवारी तिघं जमले, आणि माझा मुलगा बाहेर राहिला. मला काय ठाऊक, मी खेळ नाही, मैफलच बंद केली होती!

तर मैत्रिणींनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. नवा खेळ आल्याबरोबर घेऊ नका. महिना-दोन महिने जाऊ द्या, खेळणाऱ्यांची अलीकडची मतं वाचायला लावा. खोक्यावरचा किंवा पानावरचा वयाचा आकडा बघा, कारण ‘बाल्डर्स गेट ३’ प्रौढांसाठी आहे, लहानग्यांसाठी नव्हे. बँकेचं कार्ड खेळात जोडून ठेवू नका. आणि ‘स्टीम’ या दुकानातून घेतलेला खेळ पटला नाही, तर १४ दिवसांच्या आत, २ तासांहून कमी खेळलेला असल्यास पैसे परत मागता येतात.

आणि पाचवी गोष्ट माझ्या पदरची. बटण बंद करण्याआधी एकदा विचारा, “कोण वाट पाहतंय रे?”

त्यानंतर रविवारी त्याचं ताट मी लवकर वाढू लागले. मात्र वाळवणाच्या दिवशी आधी खाट, मग अपडेट, हेही आमचं ठरलं.